मूटर लोनीची वाट

फार वर्षांपूर्वी, म्हणजे हॉलरग्रुंड गावच्या चर्चला अजून घड्याळ बसलं नव्हतं आणि लोक उन्हाकडे बघून जेवायला बसत, त्या काळी त्या दरीत लोनी नावाची एक बाई राहत होती. जर्मनीतल्या डोंगरांत अशा दऱ्या पुष्कळ आहेत. खाली ओढा, ओढ्याकाठी गाव, गावात टोकदार मनोऱ्याचं चर्च, मधल्या टेकाडावर जमीनदाराची दगडी गढी आणि पार वर, देवदारांच्या सावलीत, थोड्याशा घरांची वाडी. लोनी त्या वरच्या वाडीत राहायची. तिकडे म्हाताऱ्या बाईला मानानं मूटर म्हणतात, म्हणजे आई. सगळी दरी तिला मूटर लोनी म्हणायची, आणि त्यात नुसता मान नव्हता. दरीतली निम्मी माणसं तिच्याच हातांत जन्मली होती. गढीचा मालक बॅरन एकहार्टसुद्धा.

ती सुईण होती आणि औषधपाणीही करायची. असं म्हणतात, की तिनं तापल्या कपाळावर हात ठेवला की ताप उतरायला लागायचा. असंही म्हणतात, की अडून बसलेल्या गाईच्या कानात ती काहीतरी पुटपुटायची आणि गाय लगेच पान्हा सोडायची. काय पुटपुटायची ते कुणाला कळलं नाही, आणि गाईंनी काही सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र दरीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होती. लोनीनं आजाऱ्याला कधी बरा म्हटलं नाही आणि बऱ्याला कधी आजारी म्हटलं नाही. मग समोर कुणी का असेना.

लोनीला एकच मुलगी होती, ओटिली. ती लहान असतानाच गेली. सगळ्यांची लेकरं वाचवणाऱ्या बाईला स्वतःचं लेकरू वाचवता आलं नाही, यापरतं दुःख कुठलं? ओटिलीची कबर खाली चर्चच्या आवारात होती, भिंतीलगत. दर रविवारी लोनी वाडीतून निघायची, गढीच्या कुरणातून जाणाऱ्या पायवाटेनं खाली उतरायची, कबरीवरचं गवत उपटायची, मुलीशी आठवड्याभराचं बोलायची आणि संध्याकाळच्या आत परत यायची.

त्याच पायवाटेनं वाडीतली बाळं बाप्तिस्म्याला जायची, नवऱ्या मुली लग्नाला जायच्या आणि म्हातारी माणसं आपल्या शेवटच्या प्रवासाला जायची. पण ही वाट एकहार्टच्या खिडकीतून दिसायची. चिखलाचे बूट, टोपल्या, रडणारी पोरं, सगळंच दिसायचं, आणि त्याच्या डोळ्यांत ते खुपायचं. एका हिवाळ्याच्या तोंडाशी त्यानं कुरणाला दगडी कुंपण घातलं, दोन खांब उभे केले, त्यांना लोखंडी फाटक लावलं आणि फाटकाला कुलूप ठोकलं. वाडीतल्या लोकांनी आता चर्चला जायचं तर डोंगराला वळसा घालायचा. सकाळी निघालं तर दिवस कलताना पोचायचं.

तुम्ही म्हणाल, लोकांनी ऐकून कसं घेतलं? तर त्या दरीत वाटांचा एक जुना नियम होता. सुगी आटोपली, की नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला गावातले आणि वाडीतले वडीलधारे प्रत्येक वाट चालून बघायचे. वाट उघडी, मोकळी दिसली तर ती जिवंत, आणि जिवंत वाट सगळ्यांची. ती अडवायची राजालाही सोय नव्हती. पण तिच्यावर गवत माजलं असेल तर ती मेली, आणि मेलेली वाट जमीनमालकाची. एकहार्टचा हिशेब सरळ होता. या मार्टिनपासून पुढच्या मार्टिनपर्यंत फाटक बंद ठेवायचं, की बाकीचं काम गवत करेल.

लोनीचे गुडघे आता थकले होते. डोंगराचा वळसा तिला दर रविवारी झेपणारा नव्हता. तिनं एकहार्टला शिव्याशाप दिले नाहीत. ती रविवारी फाटकापर्यंत यायची, गजांतून दिसणाऱ्या मनोऱ्याकडे थोडा वेळ बघायची आणि मागे फिरायची.

त्याच हिवाळ्यात गढीत एकहार्टची आई आजारी पडली. तिचं नाव वालबुर्गा. तिला ना ताप होता ना खोकला, पण अन्नावरची वासनाच उडाली होती. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला ती जेवायला बसायची, दुसऱ्या टोकाला मुलगा, आणि मधे नुसत्या मेणबत्त्या. असं म्हणतात, की ती इतकी वाळली की तिची सावलीसुद्धा पातळ झाली.

लोनीला निरोप गेला. एकहार्ट फाटक उघडायला विसरला की त्यानं मुद्दाम उघडलं नाही, देव जाणे. लोनी डोंगराला वळसा घालून बर्फातून आली. तिचे बूट भिजून फाटले होते आणि टाचांतून रक्त येत होतं. वालबुर्गानं आधी ते पाय बघितले आणि मग मुलाकडे बघितलं.

"या पायांना मी परत इतकं चालवणार नाही," ती म्हणाली. "मीच हिच्या घरी जाऊन राहते. फाटक उघड, एकहार्ट. या गढीत मी अजून जिवंत आहे."

फाटक उघडलं. नोकरांनी म्हातारीला खुर्चीसकट उचलून वाडीत नेलं आणि फाटक पुन्हा बंद झालं.

लोनीनं तिची नाडी बघितली, डोळे बघितले आणि सोबत आलेल्या एकहार्टला औषध सांगितलं. "मालक, यांना रोज जवाचं गरम सूप द्यायचं. सूप गढीच्या चुलीवरचं हवं. ते तुम्ही स्वतःच्या हातानं आणायचं, पायी आणायचं, आणि त्या शेवटचा घोट घेईपर्यंत समोर बसायचं."

"मी? नोकर कशाला आहेत मग?"

"नोकरांची आई आजारी पडली, की नोकर आणतील."

पहिल्या दिवशी एकहार्टनं नोकरालाच पाठवलं. असं म्हणतात, की चुलीवरून उकळतं निघालेलं ते सूप वाडीत पोचेपर्यंत बर्फ झालं आणि त्यात चमचाही शिरेना. दुसऱ्या दिवशी एकहार्ट स्वतः आला. झाकणाचं भांडं त्यानं कोटाच्या आत छातीशी धरलं होतं आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं केलं होतं. झाकण उघडलं तर सूप वाफाळत होतं.

मग तो रोज यायला लागला. कुलूप काढायचा, फाटकातून बाहेर पडायचा, मागे परत कुलूप लावायचा आणि चढण चढायचा. वालबुर्गा सावकाश प्यायची. अगदी मुद्दाम सावकाश. तेवढ्या वेळात दोघी म्हाताऱ्या बोलत बसायच्या, आणि एकहार्टला ऐकण्यावाचून गत्यंतर नसायचं. आपण जन्मताना पायाळू होतो आणि या बाईनं आपल्याला कसं ओढून काढलं, ते त्यानं ऐकलं. बर्फाच्या बाहुल्याला गाजराचं नाक लावतात म्हणून ओटिली गाजरालाच नाक म्हणायची, ते ऐकलं. तिची कबर भिंतीलगत आहे आणि तिथे गवत फार लवकर वाढतं, हेही ऐकलं. मग तो उठायचा. रिकामं भांडं उचलायचा आणि निघायचा.

बर्फ वितळलं, वसंत आला. कुरणात गवत गुडघ्याएवढं झालं. आणि एक दिवस टिलो, जो वाडीत लाकडी पिंपं बनवायचा, कुंपणावरून वाकून बघतो तर काय! गवताच्या मधोमध पायवाट लख्ख उघडी. रोज जाऊन येऊन एकहार्टनं स्वतःच्याच बुटांनी गवत चेपून टाकलं होतं. टिलो नाचतच वाडीत आला. आता फक्त मार्टिनच्या सणापर्यंत म्हातारी आजारी राहिली, की वाट जगली!

पण म्हातारी आजारी राहायला तयार असेल तर ना. चेरी पिकायच्या दिवसांत वालबुर्गा शिडी लावून झाडावर चढली आणि मूठभर चेरी तोंडात कोंबून वरूनच हसायला लागली. लोनीनं तिला खाली उतरवलं, नाडी बघितली आणि ती तशीच अंगणाकडे वळली.

टिलोच्या लक्षात आलं. तो तिच्या मागेमागे अंगणात आला.

"मूटर लोनी, हे एकहार्टला सांगू नकोस. पानगळीपर्यंत थांब. एवढंच."

"ती बरी झालीय, टिलो."

"अगं, कुणाचं काय बिघडतंय? म्हातारी खूश आहे. तुझी ओटिली खाली आहे ना? किती महिने झाले तिला भेटून?"

लोनीचे डोळे भरून आले. तिनं ते लपवले नाहीत. "आहे ना, खालीच आहे," ती म्हणाली. "रोज आठवण येते तिची. पण तिच्यापाशी जायचं म्हणून खोटं बोलले, तर तिच्यापाशी बसून बोलू काय?"

त्याच दुपारी तिनं एकहार्टला सांगितलं, "मालक, आई बऱ्या झाल्या. उद्यापासून सूप नको. यांना घरी घेऊन जा."

वाडीतले लोक कुंपणाला टेकून ऐकत होते. एका बाईनं कपाळावर हात मारून घेतला. वालबुर्गानं लोनीचे हात धरले, मग मुलाच्या दंडाला धरून ती आपल्या पायांनी चढण उतरली. फाटक उघडलं, बंद झालं, कुलूप लागल्याचा आवाज वाडीपर्यंत आला. त्या संध्याकाळी लोनीशी कुणी बोललं नाही. टिलो तर तिच्या दारावरून मान फिरवून गेला.

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली आणि फाटकाचं कुलूप खडखडलं. लोकांनी बघितलं, तर एकहार्ट चढण चढून येतोय. कोटाच्या आत छातीशी भांडं. त्यानं ते लोनीच्या टेबलावर ठेवलं आणि समोरच्या स्टुलावर बसला.

"मालक, मी सांगितलं ना, त्या बऱ्या झाल्यात."

"हे आईसाठी नाही," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आई म्हणाली, तूसुद्धा एकटीच जेवतेस. पी. निवेल."

लोनीनं चमचा उचलला. असं म्हणतात, की तशी चव तिला आयुष्यात कुठल्याच अन्नाला लागली नव्हती. खरं सांगायचं तर सूप खारट होतं, कारण त्या दिवशी ते एकहार्टनं स्वतः केलं होतं.

त्यानंतर तो रोज आला. उन्हाळाभर आला, पानगळीत आला, पावसाच्या झडीत आला. फाटकाबद्दल तो चकार शब्द काढत नव्हता आणि लोनीही काढत नव्हती. सगळ्या दरीसमोर कुलूप लावलेल्या माणसाला ते काढताना लाज वाटते, हे तिला कळत होतं. तिनं त्याला घाई केली नाही.

सेंट मार्टिनचा दिवस उजाडला. गावातले आणि वाडीतले वडीलधारे काठ्या टेकत निघाले आणि चालत चालत फाटकापाशी आले. आतल्या बाजूला एकहार्ट होता, वालबुर्गा होती, कारभारी होता. बाहेरच्या बाजूला सगळी वाडी, आणि पुढे लोनी. वाट चुलीपुढच्या जमिनीसारखी स्वच्छ होती. गवताची काडीसुद्धा नव्हती.

कारभारी एकहार्टच्या कानाशी लागला. "मालक, ही तर आपलीच पावलं. आपण आपल्याच जमिनीवर फिरलो, असं सांगा, म्हणजे ते येणंजाणं धरलं जाणार नाही. वाट आपलीच राहील."

सगळ्यांत वयस्क माणसानं विचारलं, "या वाटेवर वर्षभर कोण चाललं?"

एकहार्टनं वाटेकडे बघितलं. त्याच्या एका शब्दावर सगळं होतं, आणि ते त्याला माहीत होतं.

"मी चाललो," तो म्हणाला. "मूटर लोनीच्या घरी जायला दुसरी वाट नाही."

मग त्यानं कुलूप काढलं, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून खांदा लावून फाटकच बिजागऱ्यांतून उचललं आणि उतारावरून खाली ओढ्यात भिरकावून दिलं. ते उचलायला चार माणसं लागली असती. असं म्हणतात, की त्या क्षणी खाली चर्चची घंटा वाजायला लागली, आणि दोरीला तर कुणाचा हातही नव्हता.

लोकांनी टोप्या उडवल्या. टिलो हमसून रडला. लोनी मात्र कुणासाठी थांबली नाही. ती दोन खांबांमधून गेली, आपल्या थकल्या गुडघ्यांनी भराभर उतरली आणि चर्चच्या आवारात शिरली. वर्षभराचं गवत उपटायचं म्हणून तिनं बाह्या वर सारल्या होत्या.

पण कबरीवर गवत नव्हतं. माती हातानं सारखी केलेली होती, आणि मधोमध एक ताजं गाजर ठेवलेलं होतं.

मागून एकहार्ट धापा टाकत आला होता. तो टोपी हातात धरून लांबच उभा राहिला. "सूप घेऊन निघायच्या आधी रोज इकडे यायचो," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस, इथे लवकर वाढतं."

लोनी त्याच्याकडे वळली. वर्षभर ती त्याला मालक म्हणत आली होती. "ये, एकहार्ट," ती म्हणाली, "बस इथे." आणि दोघं त्या कबरीपाशी बसले.

पुढे बऱ्याच वर्षांनी लोनी गेली, तेव्हा तिला त्याच वाटेनं खाली नेलं आणि ओटिलीच्या शेजारी ठेवलं. पेटीचा पुढचा कोपरा एकहार्टच्या खांद्यावर होता. त्यालाही अनेक पिढ्या लोटल्या. चर्चला घड्याळ बसलं, गढीत आता दुसरीच माणसं राहतात, आणि पाठीवर पिशव्या घेतलेले लांबलांबचे लोक ती दरी पायी बघायला येतात. फाटकाचे दोन खांब अजून उभे आहेत, पण त्यांना फाटक लावायचं आजवर कुणाच्या मनात आलेलं नाही. सेंट मार्टिनच्या दिवशी जो कुणी गढीत राहत असेल तो जवाचं सूप रांधतो, भांडं छातीशी धरून पायी वर जातो आणि वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसासमोर बसून राहतो, ते पिऊन होईपर्यंत. त्या दिवशी जो परका वाटसरू तिथे असेल, त्यालाही वाटीभर मिळतं. ते थोडं खारटच करतात.

आणि त्या वाटेनं उतरणारा प्रत्येक जण, गावचा असो की परका, चर्चच्या भिंतीपाशी वाकतो आणि दिसेल ती गवताची काडी उपटतो. हल्ली बिचाऱ्यांना काडी शोधावी लागते.