जाकाईच्या आरतीतली मोकळी वाट

कातळीच्या जाकाईच्या देवळात आरती दुसऱ्या कडव्यानंतर थांबते. ढोल, झांजा, घंटा, सगळे गप्प होते. माणसे दोन्ही बाजूंना सरकतात आणि दारापासून गाभाऱ्यापर्यंत वाट मोकळी होते. नवख्याला वाटते, कोणी मोठे येणार आहे. येत कोणीच नाही. मग आरती पुढे सुरू होते.

देवळाचे म्हातारे गुरव, दाजी, आल्यागेल्याला याची हकीकत सांगतात.

फार पूर्वी धाकू गुरव इथे पूजा करी. त्याची आई रोज टेकडी चढून आरतीला येई. गुडघे धरलेले, त्यामुळे ती पोचेपर्यंत दुसरे कडवे संपलेले असे. धाकू तिथे थांबायचा. लोक वाट करून देत आणि ती येईपर्यंत थट्टाही करत, "धाकूची आये येयसर देवीक पण उपास." म्हातारी हसत आत येई.

एका पावसाळ्यात ती गेली. सुतक फिटल्यावर धाकू आरतीला उभा राहिला आणि त्याच जागी त्याचा हात थांबला. लोक सवयीने बाजूला झाले. पुढे तेच चालू राहिले.

काही वर्षांनी विसाजीशास्त्री गावात राहायला आले. आरती अशी खंडित करणे हा दोष आहे, याला पोथीत आधार कुठला, असे त्यांनी विचारले. धाकू ऐकत नसेल तर पूजा दुसऱ्याकडे द्यावी, असेही गावकीला सांगितले. गावकीला शास्त्राची भीती होतीच. धाकू एवढेच म्हणाला, "पोथयेत नाय, शास्त्रीबुवा. पण मी नाय थांबलंय तर आये पायरीवरच ऱ्हवात."

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी स्वतः तबक घेतले. दुसरे कडवे संपले, ते पुढे म्हणू लागले. मागे ढोल वाजेना, झांज वाजेना. आपला एकट्याचाच आवाज ऐकून त्यांनी वळून पाहिले. मोकळी वाट, आणि तिच्या टोकाला उघडे दार. त्यांची धाकटी लेक त्याच साली तापाने गेली होती, म्हणे. ते बराच वेळ दाराकडे पाहत राहिले. मग वाटेतून बाजूला झाले आणि तबक धाकूच्या हातात दिले.

पुढे कोणी आधार विचारलाच, तर शास्त्रीबुवाच सांगत, "गाव थांबत आला आहे. तेवढा आधार पुरे."

आजही आरती तिथे थांबते. वाट कोणासाठी, हे कोणी कोणाला विचारत नाही. दरवर्षी आम्ही दोघे जायचो. यंदा मी एकटाच गेलो होतो. दुसरे कडवे संपले, तसा मीही बाजूला सरकलो.