देवाचं गाणं राजाला

ही गोष्ट फार जुनी, राजे स्वतःला देव म्हणवत आणि लोक माना डोलावत, तेव्हाची.

वाळवंटातल्या एका नदीकाठी असाच एक राजा होता. दरवर्षी तो घाटावर येऊन नदीला हुकूम सोडी, "चढ." चार दिवसांत पूर येई. खरी गोम पुजाऱ्यांना ठाऊक होती. पायरीवरच्या खुणेला पाणी लागलं, की मगच ते राजाला बोलवायचे.

त्या राज्यात परमुलखातून धरून आणलेले लोक विटा पाडत. त्यांचा देव एकच, डोळ्यांना न दिसणारा. त्याची गाणी रचणारी एक बाई त्यांच्यात होती. तिचा नवरा चिखल तुडवून तुडवून खंगत चालला होता.

एकदा थोरला पुजारी तिला म्हणाला, "बाई, 'समुद्र तुझा शब्द मोडत नाही' हे तुझं गाणं महाराजांना दे. देवाच्या जागी फक्त त्यांचं नाव घाल. तुझ्या नवऱ्याला चिखलातून काढतो."

नवरा म्हणाला, "नको गं. पायाचा चिखल धुता येतो."

"देव समजून घेईल," ती म्हणाली. "तुम्ही जगायला हवं." आणि तिनं नाव बदललं.

गाणं इतकं सुरेख, की ते राजालाच खरं वाटू लागलं. "समुद्र माझं ऐकतो, मग ही नदी कोण लागून गेली?" असं म्हणून यंदा पाणी खुणेच्या बरंच खाली असतानाच त्यानं हुकूम सोडला.

नदी ढिम्म हलली नाही. पंधरा दिवस गेले. आता देव कसा चुकणार? राजानं फर्मावलं, "नदीची वाट गाळानं अडलीय. विटा पाडणारे सगळे पात्रात उतरवा."

सगळ्यांत चिखलातून सुटलेला तिचा नवराही आला. ती धावत पुजाऱ्याकडे गेली. तो शांतपणे म्हणाला, "समुद्र ज्यांचा शब्द मोडत नाही, त्यांचा मी कसा मोडू? तूच लिहिलंयस ना?"

दोन दिवसांनी पूर आला, आपल्या नेहमीच्या वेळेला. हुकमाशिवाय पहारेकऱ्यांनी कोणाला वर येऊ दिलं नाही. तिचा नवरा बुडाला, आणि काठावरचे लोक महाराजांचा शब्द खरा झाला म्हणून नाचले.

बाई पाण्याशी बसली. आपल्या देवाला हाक मारावी म्हणून तिनं तेच गाणं धरलं, तर तोंडून नाव आलं राजाचं. पुन्हा धरलं, पुन्हा तेच. मग ती गप्प झाली ती कायमची.

लहानथोरहो, एवढं ध्यानात ठेवा: देवाची स्तुती जो राजाच्या पायी वाहतो, त्याला संकटात हाक मारायला कोणी उरत नाही.