फिका पडदा

“पण मास्तर, ज्याच्या पडद्यावर डाळिंबी आणि कुंकवाचा लाल एकच दिसतो, तो लॅपटॉप घेऊन मी रंगाचं काम करू कसं?”

मल्लेशम मास्तरांनी मान वर केली नाही. ते ग्राफच्या कागदावर चौकोन भरत होते.

सोलापुरात चादरीची नक्षी हाताने काढणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. मास्तर त्यांतले सगळ्यांत जुने. कागदावरचा एक चौकोन म्हणजे चादरीतला एक धागा. बाकीचे लोक चौकोनांत रंग भरत. मास्तर आकडे लिहीत. एक, चार, सात. कारखान्यांत लोक म्हणत, म्हाताऱ्याला मिजास फार, रंग म्हणे डोक्यात असतो.

अंबुजा त्यांच्याकडे तीन वर्षं शिकत होती. तिला पुण्याच्या डिझाइन कॉलेजात प्रवेश मिळाला होता. सोमवारी निघायचं होतं. गुरूचे गुण अंगात उतरायला वेळ लागतो, मिजास मात्र लगेच उतरते. तीही थोडी उतरली होती.

“यंत्र चालतं का?” मास्तरांनी विचारलं.

“चालतं. कुणीतरी वापरलेलं आहे, पण कॉलेजनं सांगितलेलं सगळं सॉफ्टवेअर दुकानात लावून बघितलं. दोन तास बसले. कुठं अडकलं नाही.”

“बॅटरी?”

“दुकानदार नवीन टाकून देतोय.”

“हातात पैसे आहेत तेवढ्यात बसतं?”

“बसतं.”

“मग ताकाला येऊन भांडं कशाला लपवतीस? अडलंय कुठं?”

अंबुजा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

“दुसरा एक आहे,” ती शेवटी म्हणाली. “नवा कोरा. त्याचा पडदा असा आहे मास्तर, की सूत हातात धरल्यासारखं वाटतं.”

“आणि?”

“त्यासाठी अम्मा एक माग विकतीय. बारा वाजता माणूस बघायला येणार आहे.”

घरात दोनच माग होते आणि चालवणारी आई एकटी. दोन्ही चालले तर घर चालायचं. एक बिघडला की त्या आठवड्यात भाताबरोबर नुसती चिंचेची आमटी.

मास्तरांची पेन्सिल थांबली.

“तू सांगितलंस विक म्हणून?”

“नाही... पण विकू नको, असंपण नाही म्हटलं.”

पोरगी वाईट नव्हती. तिला दोन्ही हवे होते, मागही आणि पडदाही. तिच्या वयात कुणाला नको असतात? रडू आवरायला ती रागावली.

“तुम्हीच लावलंत ना हे वेड? रोज सकाळी सुताची कांडी समोर धरायचात, हा कुठला रंग म्हणून. मी लाल म्हटलं की, नुसता लाल? म्हणून हटकायचात. बेचाळीस रंग ओळखायला लावलेत. आणि आता म्हणता, फिक्या पडद्यावर भागव! तुम्हाला नाही कळायचं ते.”

शेवटचं वाक्य तिचं तिलाच टोचलं. मास्तरांनी मात्र मान डोलावली.

“खरं हाय. मला नाही कळायचं.”

ते उठले. फळीवरून दोन कांड्या घेतल्या आणि दारात, उन्हात जाऊन उभे राहिले. एकेका हातात एकेक कांडी.

“यातली हिरवी कुठली?”

अंबुजाला हसू आलं. एक भडक लाल, एक पोपटी हिरवी. पहिल्या दिवशीसुद्धा त्यांनी इतकं सोपं विचारलं नव्हतं.

“थट्टा करताय.”

“सांग की.”

“डाव्या हातातली.”

मास्तरांनी डावी कांडी डोळ्यांजवळ नेली. मग उजवी. मग पुन्हा डावी.

“मला दोन्ही एकसारख्याच दिसतात.”

“ऊन येतंय तुमच्या डोळ्यावर. आत या.”

“आतपण एकसारख्याच. जन्मापासनं.”

...

शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत होते. अंबुजाने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. एक, चार, सात.

“मोराची चादर?” तिनं हळूच विचारलं. सबंध सोलापूर मास्तरांच्या त्या चादरीचं नाव काढायचं.

“तीपण.”

“आणि आकडे...”

“चार म्हणजे हिरवा, हे मला कुणीतरी सांगायचं. आधी घरात बायको सांगायची. ती गेली, अन् दीड वर्ष मी पेन्सिल हातात धरली नाही.” मास्तरांनी कांड्या उगाच एकमेकींवर घासल्या. “मग तू आलीस.”

तीन वर्षं. रोज सकाळी. हा कुठला रंग? नुसता लाल? त्याच्या शेजारचा कुठला?

“मला वाटायचं, तुम्ही माझी परीक्षा घेताय.”

“परीक्षा घ्यायला उत्तर यावं लागतं, पोरी.”

अंबुजाला मास्तरांची कीव आली नाही. स्वतःची लाज वाटली, आणि त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की ती उंबऱ्यावरच बसली. मग तिनं फोन लावला.

“अम्मा, त्या माणसाला येऊ नको म्हण... हो, जुनाच घेतीय... नाही गं, रुसले नाही. खरंच. तू माग चालू कर.”

तिनं फोन लगेच ठेवला नाही. कानाशी धरून ती थांबली. थोड्या वेळानं पलीकडून खडखड ऐकू आली. आधी एका मागाची, मग दोन्हींची.

“मास्तर,” ती म्हणाली, “सोमवारपासून तुम्ही कुणाला विचारणार?”

मास्तरांनी सदऱ्याच्या खिशातून तिसरी कांडी काढली. ती डोळे पुसेपर्यंत ते थांबले.

“सोमवारचं सोमवारी. आज सांग, हा कुठला रंग?”