थंडीबाईचा मुक्काम

एकदा काय झालं, होळीच्या दिवशी पुरणपोळीवर वाढलेलं तूप थिजलं.

आता होळीला कुठं तूप थिजतं का? होळी पेटली की थंडीनं आपलं बोचकं उचलायचं आणि चालू लागायचं. पण इथं तूप पोळीवर पांढरं, घट्ट बसलेलं. ठकूनं ते बोटानं दाबून पाहिलं आणि तिच्या छातीत धस्स झालं.

ही ठकू भारी घाबरट, बरं का. शेजारी भांडं पडलं की हिच्या हातातलंही पडायचं. घरात ती आणि तिचे आप्पा, दोघंच. थंडीत आप्पांचा दमा उसळायचा. वैद्यबुवा म्हणाले होते, "होळीपर्यंत कसंबसं निभवा, मग ऊन पडेल नि छाती मोकळी होईल." म्हणून पोर होळीकडे डोळे लावून बसलेली. आणि होळी आली ती ही अशी.

मग पंचमी गेली. पाडवा आला, तर खायला कडुलिंबाचं कोवळं पान मिळेना. आप्पा बसून बसून रात्र काढू लागले. आणि गंमत अशी, की गावात कुणी म्हणेना, काय बाई ही थंडी.

का म्हणेना? तर राजानं दिवाळीतच दवंडी पिटवली होती. "हवेच्या गप्पा मारून हवा बदलते का? त्या वेळात चार कामं करा. ऊन, वारा, थंडी, पाऊस, यातलं कशाचंही नाव जो काढेल त्याच्या घरची ऊब जप्त." झालं. लोक शेकोटीशी बसत, हात शेकत, पण तोंडाला कुलूप.

मग एके सकाळी ठकू परसात गोवऱ्या आणायला गेली. बघते तर गवताच्या गंजीवर एक म्हातारी, पांढरी पासोडी पांघरून पाय हलवत बसलेली. पाय हलला की दव सांडे. ठकूच्या हातातली पाटी पडलीच.

"दचकू नकोस गं, मी थंडी," म्हातारी म्हणाली. "मी आता इथंच राहणार."

"जाणार कधी?"

"जाऊ कशाला? बाकीच्या गावांत मी पाय ठेवला, की लोक शेकोटीशी बसून त्या मेल्या पावसाच्या गोष्टी काढतात. एकानं काढली की दुसरा वरताण सांगतो, मग खिदळतात. पाहुणी मी, आणि कौतुक त्याचं. माझ्या अंगाचा तिळपापड होतो, मी उठून निघते. इथं कसं छान शांत आहे."

ठकूनं तिथल्या तिथं पावसाची एक गोष्ट सांगून पाहिली. म्हातारी गालात हसली. "एकटीची ती बडबड, पोरी. दुसऱ्यानं उत्तर दिलं तर त्या गप्पा. देणार कोण?"

ठकूनं पाटी उचलली. ती घरात गेली, आप्पांची पाठ चोळली, घागर घेतली आणि थेट विहिरीवर आली. बायका खाली मान घालून पाणी शेंदत होत्या. ठकू मोठ्यानं म्हणाली, "चंद्राकाकू, गेल्या मघा नक्षत्रात सासूचा पाऊस काय पडला हो. नुसती गडगड, आणि सुनेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देईना."

चंद्राकाकूंनी पदर तोंडात कोंबला. त्यांचे खांदे हलत होते. पण उत्तर? उत्तर नाही. मग शिपाई आला आणि ठकूची गोधडी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी ठकू पारावर गेली. तिथं म्हातारे घोंगड्या गुंडाळून बसलेले. "आजोबा," ती म्हणाली, "तरणा पाऊस कसा, आला नि नाचून गेला. पण म्हातारा पाऊस बसला तो बसलाच. जायचं नाव नाही, आणि दिवसभर पिरपिर पिरपिर."

एका आजोबांच्या मिश्या थरथरल्या. ओठ उघडले, पुन्हा मिटले. मग शिपाई आला आणि घरातली शेगडी उचलून घेऊन गेला.

आता ऊब म्हणजे आप्पांच्या अंगावरची एक घोंगडी तेवढी राहिली. चंद्राकाकू कुडाआडून कुजबुजल्या, "बयो, गप बस गं आता. तीही नेतील."

"घोंगडीनं आजची रात्र निघेल, काकू," ठकू म्हणाली. "थंडी नाही जायची." आणि ती निघाली ती राजवाड्यावर.

दरबार भरलेला. राजा सात शाली पांघरून बसलेला, नाक लालबुंद. शेजारी नवी राणी, घाटाखालच्या मुलखातून लग्न करून आणलेली, दातांवर दात वाजत होते बिचारीचे. वर सज्जात थंडीबाई आरामात लवंडलेली. शिपायानं भाला आपटला. ठकू दचकली, कानाशी हात नेले, आणि परत खाली घेतले.

"महाराज, माझी गोधडी नेलीत, शेगडी नेलीत. आता जीभ राहिलीय. ती थिजायच्या आत वापरून घेते."

राजा म्हणाला, "बोललीस तर बापाची घोंगडी जाईल."

ठकूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तरी ती बोलली. "हस्त नक्षत्रातला हत्तीचा पाऊस पडावा तर आमच्याच आळीत. सोंडेनं ओतल्यासारखा. असा पाऊस अख्ख्या मुलखात दुसरीकडे कुठंच पडत नाही. पडत असेल तर सांगा कुणीतरी."

प्रधान गप्प. सरदार गप्प. शिपाई घोंगडी आणायला वळला. ठकूनं पुन्हा हाक दिली. "सांगा की कुणीतरी."

आणि मग काय झालं, माहितीय?

राणीनं अंगावरची शाल बाजूला फेकली. "हॅ," ती म्हणाली, "सोंड कसली घेऊन बसलीस? आमच्या माहेरी ये एकदा. तिथं अख्खा हत्ती पडतो."

झालं. पुढचं काय सांगायचं? सज्जात पासोडी झटकल्याचा आवाज आला, आणि आप्पा त्या रात्री पाठ टेकून झोपले. तुम्हीही टेका आता.