जड कण

"मग चूक कुणाची, सर? वाऱ्याची की कणाची?"

हेरंब केंजळे उंबऱ्यातूनच विचारत होता. खांद्याला पिशवी, हातात आलेखाचा कागद. पुरंदरच्या पायथ्याशी दोन खोल्यांत एकटे राहणारे नाडकर्णी सर त्याचे गुरू. वाऱ्याचा वेग मोजायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

वारा कसला, लॅबच्या बोगद्यात सोडलेला, आवाजालाही मागं टाकणारा. पण तो दिसत नाही. म्हणून त्यात पिठाहून बारीक कण सोडायचे, लेसर दोनदा चमकवायचा, दोन फोटो काढायचे. मधल्या वेळात कण जेवढा सरकला, त्यावरून वाऱ्याचा वेग. हिशेब इतका सरळ, की गल्ल्यावरच्या माणसालाही जमावा.

"आत तर ये. चहा टाकतो."

"चहा राहू द्या. हे बघा… इथं धक्क्याची लाट. गणित सांगतं, इथं वारा एकदम मंदावतो. आणि हा कण? जुन्याच वेगानं पळतोय! जसं काही घडलंच नाही."

सरांनी तरीही स्टोव्ह पेटवला. कागद पाहिलाच नाही. त्याच्याकडेच पाहत राहिले.

"घरी कोण असतं आता?"

"कुणी नाही. शुभदाचं तेरावं झालं, पाहुणे गेले. मी तर चौथ्याच दिवशी लॅबमध्ये होतो." हेरंबची मान जराशी ताठ झाली. "लोक म्हणाले, बायको गेली तरी हा दगड. म्हणू देत."

"हं…"

"ती सगळी मापं मी फेकून देणार. खोटा साक्षीदार काय कामाचा?"

"खोटा नाही रे. जड आहे."

रिकामी हातगाडी हाकेसरशी थांबते, पोत्यांनी लादलेली चार पावलं पुढं ओढतच नेते. भुसार बाजारात वावरलेल्याला हे सांगावं लागत नाही. हेरंब तिथं कधी वावरला नव्हता.

तो निघायला वळला.

"पिशवीत काय घेतलंस?"

"शहाळं. सासवडला दिसलं. शुभदाच्या पोटात दुसरं काही ठरत नाही हो, तेवढंच आपलं…"

…

स्टोव्ह फुरफुरत राहिला.

हेरंबच्या हातातला कागद कधी गळून पडला, त्यालाही कळलं नाही.

सर उठले. पिशवी त्याच्या खांद्यावरून अलगद काढली आणि खुंटीला अडकवली. शेजारच्या खुंटीवर एक बायकी छत्री होती, कितीतरी पावसाळे न उघडलेली. तिच्यावरची धूळ त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसली.

"मापं ठेव ती, हेरंबा. थांबतो तोही… जरा पुढं जाऊन."