मागच्या दाराची पायरी

फार वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका टेकडीवर लोकरीच्या व्यापाऱ्यानं टोलेजंग हवेली बांधली. मागच्या दाराशी आलेला वाटसरू तहानलेला जायचा नाही, अशी त्याच्या घरची रीत होती. मुलानं ती पाळली. नात विनिफ्रेडबाईंच्या काळात छप्पर गळू लागलं, नोकरचाकर गेले, तरी म्हातारी स्वतः पाणी घेऊन दारात यायची.

तिच्यामागं वारस उरला नाही. हवेली पाडायला माणसं आली. दिवाणखान्यातली संगमरवरी शेकोटी गाडीत चढली. मागच्या दाराच्या पायरीला मात्र मुकादमानं लाथ मारली. "मधोमध खळगा पडलाय. ही कोण घेणार?"

जाता जाता शेकोटी म्हणाली, "जन्मभर आल्यागेल्याचे पाय झेललेस. काय मिळालं गं?"

पायरीला ते फार लागलं. गवतात पडून ती त्या वाटसरूंच्या नावानं खडे फोडत राहिली.

पुढं उन्हाळा कडक पडला. ओढा आटला. एका पहाटे सर येऊन गेली, पण तापलेल्या जमिनीनं ती तेव्हाच पिऊन टाकली. हवेलीच्या धुराड्यात राहणारा, आता बेघर झालेला कावळा धापा टाकत आला.

"पायरीताई, तुझ्या खळग्यात पाणी आहे. पिऊ का?"

पायरीनं पाहिलं. शंभर वर्षांच्या तहानलेल्या पावलांनी झिजवलेल्या जागी वाटीभर पाणी लखलखत होतं. तिचा ऊर भरून आला. ज्यांच्या नावानं खडे फोडले, त्यांचेच तिनं मनोमन पाय धरले.

"पी बाबा, पोटभर पी," ती म्हणाली. "ह्या दारातून तहानलेलं कुणी जात नाही."