कौतिकामायचा पाटा

बिबगव्हाणच्या शिवारात, जिथे डोंगराचा उतार संपतो आणि ओढा लागतो, तिथे बिब्याच्या पाच झाडांखाली एक आडवा खडक आहे. वापरून वापरून तो वरून गुळगुळीत झालाय आणि एका कडेने हातभर रुंदीचा काळा डाग जमिनीपर्यंत उतरलाय. याला आम्ही कौतिकामायचा पाटा म्हणतो. चपला तिकडेच काढा आणि खडकाला पाय लावू नका. मागे शहरातली काही मंडळी आली होती, तीही तुमच्यासारखीच गाईम्हशीचं सोडून बदामाचं दूध पिणारी. मिक्सरमध्ये दोन मिनिटांत होतं म्हणाली. होत असेल. इथे तसल्याच दुधापायी काय झालं ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, तेव्हा जरा टेका.

फार जुनी गोष्ट. त्या वर्षी पावसाने आधीच दगा दिला होता, त्यात गुरांवर बुळकांडीची साथ आली, असं सांगतात. पंधरा दिवसांत गावातल्या दावणी ओस पडल्या. गाय नाही, म्हैस नाही, शेळीसुद्धा नाही. बायांच्या पोटातच काही नव्हतं, मग अंगावर दूध कुठून येणार? महिन्याभरात सात तान्ही लेकरं गेली म्हणे.

ओढ्यापलीकडे बिबे फोडणाऱ्यांची वस्ती होती. बिबा म्हणजे काळं, टणक फळ. आतली गोडंबी बदामासारखी गोड, पण टरफलात असं तेल की अंगाला लागलं तर भाजल्यासारखे फोड उठतात. बिबा उतला म्हणतो आम्ही. म्हणून हाताला राख चोळून, दगडावर ठेवून तो फोडतात. जन्मभर हे काम करणाऱ्या बाईचे हात काळे पडतात, आणि गावातल्या बायका त्या हातचं पाणी पीत नसत.

कौतिका त्या वस्तीतली; बाकीची वस्ती त्या वर्षी पोटामागे निघून गेली होती, ती तेवढी मागे राहिली होती. तिची लेक बाळंतपणात गेली आणि नातू मागे राहिला, तो तेव्हा तीन महिन्यांचा होता. दूध कुठेच मिळेना, तेव्हा तिने गोडंबी गरम पाण्याने दोनदा धुतली, भिजत घातली, या खडकावर गंधासारखी वाटली, लुगड्याच्या फडक्यातून पिळली आणि ते पांढरं पाणी उकळून बोंडल्याने, म्हणजे लेकरांना पाजायच्या चोचीच्या भांड्याने, पोराच्या तोंडात घातलं. पोर जगलं.

ही बातमी गावात गेली. दहा घरच्या बाया दहा लेकरं घेऊन ओढ्याकाठी येऊन उभ्या राहिल्या. कौतिकाने एकीलाही परत पाठवलं नाही. पण बायांच्या मनात बिब्याची धास्ती होती. त्यांतली एक म्हणाली, "आधी तुह्या नातवाले पाज. त्याले काही नाही झालं, तं मंग आमच्या लेकराईले दे."

ती बाई आमच्या घरातली, माझ्या आजोबांची पणजी. सांगताना मला लाज वाटते, पण हे वगळून गोष्ट सांगायची म्हणजे पुन्हा कौतिकावरच अन्याय करायचा.

कौतिका एवढंच म्हणाली, "पाजतो ना बाई. तो तं पेतेच."

तेव्हापासून रोज सकाळी पहिलं बोंडलं नातवाला, मग घटकाभर वाट पाहायची, मग बाकीची दहा लेकरं. अकरा पोटांसाठी किती बिबे फोडावे लागत असतील, विचार करा. फोडणं, धुणं, वाटणं, पिळणं, सगळं एकटीने. एकदा ती बायांना म्हणाली, "मी फोडतो, पिळाले कोनी हात लावा वं. माह्या हाताईचं मले आता काही कळत नाही." कोणी बसलं नाही. तिच्या हातचं दूध लेकरांना चालत होतं, तिच्या शेजारी बसणं चालत नव्हतं. मला विचाराल तर पाप झालं ते इथेच, पुढचं नुसतं घडत गेलं.

तिच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या. कितीही राख भरली तरी तेल त्यांत उतरायचं, आणि बोटं इतकी बधिर झालेली की चटकाही जाणवेना. एका सकाळी फडकं पिळताना भेग उलली आणि तेल दुधात गेलं. तिला कळलंच नाही. रोजच्यासारखं तिने पहिलं बोंडलं नातवाला दिलं. घटका भरायच्या आत त्याचे ओठ सुजले, मग गळा. पोराला रडतासुद्धा येईना. दहा जणी बघत उभ्या होत्या. कौतिकाने एका हाताने त्याला छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने दुधाचं भांडं खडकावर उपडं केलं, दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या तोंडी ते जाऊ नये म्हणून. हा डाग त्याचाच, असं सांगतात. दुपारी तिने पोराला ओढ्याकाठी पुरलं.

दुसऱ्या दिवशी दहा लेकरं भुकेली होतीच. बाया आल्या, पण जवळ यायची कुणाची छाती होईना. कौतिका पाट्याशी बसली होती, हातात दगड, पुढ्यात बिबे. तिने मान वर केली नाही.

"मी फोडतो," ती म्हणाली, "पिळा तुम्ही. अन् आधी पेयाले आता माह्याजवळ कोनी नाही."

आमच्या घरातली ती बाई पुढे झाली म्हणे. तिच्या शेजारी मांडी घालून बसली, फडकं पिळलं, दूध उकळलं आणि पहिला घोट स्वतः घेतला. मग बाकीच्याही बसल्या. पावसाळा लागला तेव्हा दहाही लेकरं जिवंत होती. रानात गवत आलं तशी कौतिका वस्ती सोडून निघून गेली. कुठे गेली ते कोणाला ठाऊक नाही, आणि तिला शोधायला कोणी गेलं असंही ऐकिवात नाही.

आजही बिबगव्हाणात गोडंबीचं दूध काढायचं तर फोडणारी एक असते, पिळणारी दुसरी, आणि पहिला घोट पिळणारीने घ्यायचा असतो. आणखी एक चाल आहे, ती या गावाबाहेर कुठे नाही. कौतिकाच्या नातवाचं बारसं झालंच नव्हतं. पाळणा हलवायला गावातली एकही बाई ओढा ओलांडून गेली नव्हती, त्यामुळे त्याचं नाव ठेवायचं राहून गेलं. त्या दहा जणांची नावं आमच्या घराघरांत तोंडपाठ आहेत, त्याला मात्र काय म्हणायचं हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून गावात कुणाकडेही बारसं असलं की आत्या बाळाच्या कानाशी वाकते आणि आधी नुसतंच 'कुर्र' म्हणते. नाव घेत नाही. जमलेल्या बायका तेवढा वेळ गप्प राहतात. मग ती दुसऱ्यांदा 'कुर्र' म्हणते, आणि तेव्हा कुठे पाळण्यातल्या बाळाला त्याचं नाव सांगते.